ट्रकचा एक्सल शाफ्ट आणि आपला सौदा

रविवार पेठेतल्या कापडगंजात बसणाऱ्या माणसाने ट्रकच्या एक्सलविषयी लिहावे, याचे आपल्या व्यापारीबंधूंना आश्चर्य वाटेल. परंतु आपल्या दुकानातला प्रत्येक ताका कोणत्या ना कोणत्या ट्रकच्या मागच्या एक्सलवर बसूनच पुण्याला येतो. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, मधे घाट आहेच. तो शाफ्ट कुठून घेतला, कितीला घेतला आणि दुकानदाराने काय सांगून दिला, याचा आपल्या तिजारतीशी संबंध नाही असे मीही तीस वर्षे समजत होतो.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. शब-ए-बरात दोन दिवसांवर होती आणि रमजानचा माल भरण्याची घाई चालू होती. मालेगावहून रंगीत साड्यांच्या व पॉपलीनच्या बासष्ट गाठी एका सहाचाकी गाडीत चढवल्या. गाडी दहा टनाची, माल बारा टनाच्या घरात. गाडीमालक स्वतःच ड्रायव्हर, आळेफाट्याकडचा मराठा गृहस्थ, अनेक वर्षांचा ओळखीचा. रात्री दीडच्या सुमारास संगमनेर सोडून चंदनापुरी घाट चढताना मागून धाडकन आवाज आला. इंजिन गुरगुरते, गिअर पडलेला, क्लच सोडलेला, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागे सरकू लागली. मागे एस.टी. होती. ब्रेकमध्ये हवा पुरेशी होती म्हणून गाडी थांबली. क्लीनरने उडी मारून चाकाखाली दगड लावले. अल्लाहची मेहरबानी की जीव कोणाचा गेला नाही. गाठी दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. हमाली, वाराई, दुसऱ्या गाडीचे भाडे, ओढून नेण्याचा खर्च मिळून अठरा हजारांवर आकडा गेला आणि दोन गाहकांनी माल उशिरा आला म्हणून परत केला.

मिस्त्रीने शाफ्टचे दोन्ही तुकडे बाहेर काढले तेव्हा मी तिथे पोचलो होतो. तुटलेल्या टोकाचे दाते सरळ नव्हते, पिळलेल्या सुंभासारखे फिरलेले होते. तो म्हणाला, माल जास्त होता हे खरे, पण लोखंडही नरम आहे. चांगला शाफ्ट इतका पिळत नाही. चारच महिन्यांपूर्वी बसवलेला शाफ्ट होता तो. मी मालकाला विचारले, इतका हलका माल का घेतला? तो शांतपणे म्हणाला, "शेठ, तुम्ही भाड्यात पंधराशे कापले. मी शाफ्टात कापले."

या एका वाक्याने मला हा विषय समजून घ्यायला लावले. त्यानंतर गॅरेजात, पार्टच्या दुकानांत आणि लेथवाल्यांकडे बसून जे शिकलो ते इथे लिहितो. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे गाडीवर, गॅरेजवर आणि पार्टच्या दुकानांवर जगतात. त्यांच्यापैकी जाणकारांना यात नवे काही नसेल, पण नव्याने एक गाडी घेतलेल्या तरुणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट म्हणजे मोठ्या ट्रकमध्ये मालाचे वजन शाफ्ट उचलत नाही. वजन असते ते बाहेरच्या हाउसिंगवर, म्हणजे त्या जाड पोकळ नळीवर, आणि चाक फिरते ते हाउसिंगवरच्या बेअरिंगवर. आतल्या शाफ्टचे काम एकच, क्राउनकडून येणारी फिरकी हबपर्यंत पोचवणे. याला फुल फ्लोटिंग म्हणतात. म्हणूनच चाक न काढता, हबवरचे नट खोलून हा शाफ्ट बाहेर ओढता येतो आणि म्हणूनच तो तुटला तरी चाक निघून जात नाही. पण लोक इथेच गाफील राहतात. चाक निघत नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे. एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूला देते, दुसऱ्या चाकाला काहीच मिळत नाही. चढावर गाडी ओढणारे कोणी उरत नाही आणि उतारावर इंजिनचा अडसर उरत नाही. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ज्या गाडीचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असेल त्या गाडीचा तर तोही गेला.

पुणेकरांनी हा अडसर नसण्याचा परिणाम पाहिलेला आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका ट्रकने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. त्या ट्रकचा शाफ्ट तुटला होता असे नाही. ड्रायव्हरने डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद केल्याचे तेव्हा तपासात पुढे आले होते. परंतु उतारावर गाडी न्यूट्रल करणारा ड्रायव्हर आपल्या हाताने जे करतो, तेच काम तुटलेला शाफ्ट न विचारता करतो.

आता निवड कशी करावी? आम्ही कापडवाले ताका घेताना आधी पन्हा मोजतो, मग काच लावून रीड-पीक मोजतो आणि शेवटी भावाचे बोलतो. पार्टच्या दुकानात मात्र उलटे चालते. गाडीवाला मॉडेलचे नाव सांगतो आणि लगेच विचारतो, कितीला? ही पहिली चूक. मॉडेलच्या नावातून गाडीचा अंदाज मिळतो एवढेच. १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस हॉर्सपॉवर, हे आपल्याकडच्या क्लीनरलाही पाठ असते. परंतु त्याच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या साली वेगवेगळे एक्सल आलेले असतात. म्हणून चॅसी नंबर घेऊन जावे आणि त्यावरून कंपनीच्या यादीतला पार्ट नंबर काढून घ्यावा. त्याहून खात्रीचे म्हणजे जुना शाफ्ट, दोन तुकडे झालेला असला तरी, सोबत न्यावा.

जुन्याशी ताडून काय पाहायचे? फ्लँजच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंतची लांबी, दात्यांची संख्या, दात्यांवरची जाडी, फ्लँजला भोके किती आणि ती किती व्यासाच्या वर्तुळावर आहेत. दात्यांची संख्या जुळली म्हणून जाडी जुळतेच असे नाही. लांबी काही मिलिमीटर कमी पडली तर दाते गिअरमध्ये पुरते शिरत नाहीत, सगळा जोर थोड्याच दात्यांवर येतो आणि तेवढे तुटतात. जास्त झाली तर टोक आत टेकते आणि फ्लँज हबवर नीट बसत नाही. मग फिटर काय करतो, नट आवळून बसवतो. शिवाय बऱ्याच गाड्यांत क्राउन बरोबर मधोमध नसते, त्यामुळे ड्रायव्हर साइडचा आणि क्लीनर साइडचा शाफ्ट वेगळ्या लांबीचा असतो. कोणत्या साइडचा पाहिजे हे न सांगता माल आणणारे आणि मग दोन फेऱ्या मारणारे मी स्वतः पाहिले.

माप झाले, आता लोखंड. शाफ्ट म्हणजे नुसता गज नव्हे. पोलादी गजाचे एक टोक तापवून, दाबून त्याचाच फ्लँज घडवतात, दुसऱ्या टोकाला दाते पाडतात आणि मग विजेच्या गुंडाळीत वरचा थर तापवून लगेच थंड करतात. यामुळे वरची कातडी कठीण होते आणि गाभा चिवट राहतो. कठीण कातडी पीळ सहन करते, चिवट गाभा धक्का सहन करतो. हलक्या मालात नेमका हाच खर्च वाचवलेला असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. काळा रंग मारला की दोन्ही शाफ्ट भाऊ-भाऊ दिसतात. आमच्या धंद्यात याला जोड आहे. भरपूर खळ घातलेला कापड हाताला जाड लागतो, वजनात भरतो, आणि पहिल्या धुण्यात त्याची मच्छरदाणी होते.

एका जुन्या लेथवाल्याने मला कानशीची परीक्षा दाखवली. दुकानदाराच्या परवानगीने रंग थोडा खरवडून तिथे बारीक कानस फिरवावी. कठीण केलेल्या थरावर कानस घसरते, नरम लोखंडाला ती चावते आणि चकाकी निघते. ही काही प्रयोगशाळा नव्हे आणि चांगल्या शाफ्टचाही प्रत्येक भाग सारखा कठीण नसतो, पण दात्यांच्या जवळच कानस खोल चावू लागली तर तो शाफ्ट तिथेच ठेवून यावे. दाते हात फिरवल्यावर गुळगुळीत लागले पाहिजेत, मुळाशी धारदार खाच नको. तडा नेहमी खाचेपासून सुरू होतो.

मग कंपनीचाच घ्यावा का? माझे मत असे की दर वेळी तशी गरज नाही. ट्रक बनवणाऱ्या कंपन्या बरेचसे भाग दुसऱ्या कारखान्यांकडून घेतात. आपल्या पुण्याच्या मुंढव्यात १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज गाड्यांचे घडीव भाग करते. तिच्याच कल्याणी समूहाची भागीदारी असलेली ऑटोमोटिव्ह एक्सल्स म्हैसूरला एक्सल बनवते. पंजाबात होशियारपूर जिल्ह्यात एक्सल शाफ्टचे मोठे कारखाने आहेत. ट्रक कंपनीला माल पुरवणारा कारखाना आपल्या स्वतःच्या नावाने तोच माल बाजारातही देत असेल, तर तो कंपनीच्या डब्यातल्यापेक्षा स्वस्त मिळतो आणि दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीला तो पुरेसा आहे. त्याच्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि नंबर कोरलेला असतो, नाव लपवण्याचे त्याला कारण नसते. माझा विरोध आहे तो निनावी मालाला आणि नकली डब्याला. जुन्या बाजारातून वापरलेला शाफ्ट घेण्यालाही माझा विरोध आहे. दरवाजा, बंपर, पाटे जुने घ्यावेत, खुशाल घ्यावेत. शाफ्ट मात्र थकतो आणि थकवा बाहेरून दिसत नाही. आधीच्या मालकाने त्याच्यावर किती टन लादले हे कोण सांगणार? तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून बसवणारेही आहेत. वेल्डिंगच्या आचेने तो कठीण थर मरतो, त्यामुळे त्यावर अधिक बोलण्यात अर्थ नाही.

नवा शाफ्ट बसवला की काम झाले असेही नाही. शाफ्ट का तुटला हे तुकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. तुटलेल्या तोंडावर लाटांसारख्या गुळगुळीत रेषा असतील तर तडा कित्येक दिवसांपासून वाढत होता असे समजावे. एकाच झटक्यात तुटला असेल तर तोंड खरखरीत दिसते. दर काही महिन्यांनी एकाच बाजूचा शाफ्ट तुटत असेल तर शाफ्टला दोष देणे सोडून हाउसिंग वाकले आहे का, हबचे बेअरिंग सैल आहे का ते तपासावे. तुटलेला तुकडा हाउसिंगमध्ये राहिला, त्याचे कण तेलात राहिले, तर पुढचा खर्च क्राउनचा येतो. ऑईल सील त्याच वेळी बदलावे. तेल गळून ब्रेकच्या ड्रममध्ये गेले की शाफ्ट नवा आणि ब्रेक गेलेला, अशी गाडी तयार होते. फ्लँजचे नट पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा आवळावेत, हे तर प्रत्येक उस्ताद सांगतो आणि प्रत्येक शागीर्द विसरतो.

आता व्यवहाराची बाजू. पक्के बिल का घेत नाहीत असे विचारले की सगळे जीएसटीकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य होते. गाड्यांच्या बहुतेक पार्टवर २८ टक्के कर होता आणि लहान गाडीवाल्याला त्याचा परतावा सहसा मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर १८ टक्के झाला आहे, तेव्हा निदान दहा टक्क्यांचे निमित्त गेले. बिलावर पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेला माल बसत नाही, परंतु जो माणूस स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवतो तो ग्राहकच धरला जातो. एक गाडीचा मालक जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, अट एवढीच की हातात बिल पाहिजे. कोऱ्या चिठ्ठीवर ‘शाफ्ट १’ असे लिहिलेले असेल तर कोण ऐकणार? आणि दुसऱ्याच्या नावाचा नकली डबा विकणे हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड आहे.

मी तो तुटलेला शाफ्ट घेऊन दुकानदाराकडे गेलो. शहराचे नाव सांगत नाही, त्याचेही सांगत नाही. सलाम-दुआ झाली, चहा आला. माणूस वाईट नाही, मशिदीच्या कामात पुढे असतो. मी विचारले, भाईसाहेब, हा माल हलका आहे हे आपल्याला माहीत होते? म्हणाला, भावावरूनच कळत नाही का? गाहकाने स्वस्त मागितला, मी स्वस्त दिला. मी म्हटले, पण डबा तर मोठ्या नावाचा होता. यावर तो हसला आणि म्हणाला, डब्याशिवाय विकत नाही. फरक किती होता, तर दोन हजारांच्या आत.

स्वस्त माल विकणे नाजायज नाही. मीही सेकंडचा माल विकतो, कट-पीस विकतो आणि तसे सांगून विकतो. इमाम अबू हनीफा (रह.) हे कुफा शहरात कपड्याचेच व्यापारी होते. त्यांनी आपल्या भागीदाराला एका थानात ऐब असल्याचे दाखवून, गाहकाला सांगूनच ते विकावे अशी ताकीद दिली होती. भागीदार सांगायला विसरला आणि गाहक निघून गेला. तो सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या सौद्याची सगळी रक्कम सदका करून टाकली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. ऐब कपड्यात होता, त्यात कोणाचा जीव जाणार नव्हता. मदिनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि खालचे धान्य ओले लागले, हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकला आहे. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले होते. ओले विकू नकोस असे म्हटले नव्हते. शाफ्टच्या दुकानात याचा अर्थ सरळ आहे. काउंटरवर तीन भाव सांगावेत, कंपनीचा, नाववाल्या कारखान्याचा आणि लोकल, आणि लोकल हा शब्द तोंडाने उच्चारावा. मग गाहकाची मर्जी.

मला जास्त टोचले ते आणखी एका कारणाने. ज्या गाडीवाल्याचा जीव त्या रात्री घाटात टांगणीला लागला तो आपल्या समाजाचा नव्हता, आणि शाफ्ट विकणारा आपला होता. तो गाडीवाला सभ्य माणूस, त्याने तसे बोलून दाखवले नाही. पण आळेफाट्याच्या चहाच्या टपरीवर दुकानदाराचे नाव विचारले जाते आणि नावावरून लोक हिशेब करतात. एका डब्याचा नफा एकाच्या गल्ल्यात जातो, बदनामी मात्र सगळ्या बाजारात वाटली जाते.

आता माझ्याकडे बोट. दहा टनाच्या गाडीत बारा टन मीच भरले होते. २०१८ साली सरकारने चार टायरच्या मागच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली, दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले. तेव्हापासून आपले व्यापारी गाडीवाल्याला सांगतात, आता कायद्याने चालते की! नव्या मर्यादेचा विचार करून बनवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. ती गाडी २०११ सालची होती. राजपत्रात आकडा बदलला म्हणून तिच्या हाउसिंगचे लोखंड जाड होत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये कायद्यात लिहिलेले आहेत. हा भुर्दंडही बहुतेक वेळा गाडीवाल्याच्याच खिशातून जातो, माल भरणारा नामानिराळा.

भाड्याचेही तसेच. डिझेल, टोल, टायर, विमा यांतले काहीच कमी होत नाही. भाड्यातले हजार-दीड हजार कापले की गाडीवाल्याने ते कुठून भरून काढायचे? झोप कमी करून, माल जास्त भरून, नाहीतर पार्ट हलका टाकून. चौथी वाट मला कोणी दाखवलेली नाही. कापडगंजात मी हे बोललो तेव्हा एका मित्राने उत्तर दिले, तू जास्त भाडे देशील आणि तो तरीही हलकाच शाफ्ट टाकील, मग? प्रश्न बरोबर आहे. मी त्या गाडीवाल्याला अठरा हजारांतले काही मागितले नाही, उलट नव्या शाफ्टचे निम्मे पैसे दिले आणि बिलाची एक प्रत माझ्याकडे ठेवली. आता ज्या दोन-तीन गाड्या माझा माल नेहमी आणतात त्यांच्याशी मी पूर्ण भाडे आणि दहा टनच माल असे ठरवले आहे. मोठे काम झाले की ते मला बिल दाखवतात. गाठीमागे खर्च थोडा वाढला. तो सगळा मला गाहकावर टाकता आलेला नाही.

एक सूचना गॅरेजवाल्या मुलांना. गाडीतून काढलेला जुना शाफ्ट भंगारात अख्खा देऊ नये. ग्राइंडरने त्याच्यावरचा नंबर घासून टाकावा, दात्यांचे टोक कापून वेगळे करावे आणि मगच वजनावर द्यावा. नव्या शाफ्टचा रिकामा डबाही फाडूनच टाकावा. पाच-दहा रुपयांना हे डबे विकत घेणारे फिरत असतात.